रक्त आणि वळण

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. आदल्या दिवशी, श्रावणी अमावास्येस, तुमसरच्या भोवतालच्या गावांतून खरे बैल तोरणाखाली उभे राहून गेलेले असतात. त्यांच्या शिंगांना बेगड लागलेली असते, अंगावर झुली चढलेल्या असतात, आणि झडत्या म्हणून म्हणून माणसांचे आवाज बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी तोच सोहळा पुन्हा होतो, परंतु गुडघ्याएवढ्या उंचीवर. चाके ठोकलेले लाकडी बैल, त्यांच्या गळ्यात घुंगरांच्या माळा, आणि दोरी ओढणारा धनी पाचसहा वर्षांचा! यालाच तान्हा पोळा म्हणतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीने १८०६ साली हा सण सुरू केला अशी परंपरा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, नागपूरपासून भंडारा-गोंदियापर्यंतच्या मुलांस वर्षातला हा दिवस कोणत्याही राजापेक्षा अधिक ठाऊक असतो.

मूल बैल घेऊन दारात येते. घरधनीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येते, लाकडी बैलाच्या पायांवर पाणी घालते, त्याच्या कपाळी कुंकू लावते, ओवाळते, आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवते. या देणगीस बोजारा असे नाव आहे. पश्चिम महाराष्ट्रातील श्रोत्यांस हा शब्द कदाचित नवा वाटेल. इकडे मात्र तो बोबड्या तोंडीही असतो. खऱ्या पोळ्याच्या दिवशी बैल घेऊन दारी आलेल्या माणसास जो बोजारा मिळतो तोच हा. रकमेने लहान, मानाने मुळीच लहान नाही.

या सबंध प्रकारात मुलास कोणी उपदेश करीत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बैल हा आपला अन्नदाता आहे, त्याच्याशी कृतज्ञतेने वागावे, असे व्याख्यान कोणी देत नाही. त्याच्या हाती एक दोरी दिली जाते आणि नंतर सारे गाव त्याच्याशी असे वागते की जणू तो खराच शेतकरी आहे. जी भूमिका त्याने अद्याप पत्करलेली नाही, तिचा मान त्यास आगाऊ मिळतो. आधी मान आणि मग काम, असा हा उलटा व्यवहार आहे; परंतु मनुष्याची जडणघडण बहुतेक ठिकाणी याच उलट्या व्यवहाराने झालेली दिसते. जे मूल अजून बोलत नाही त्याच्याशी आई बोलतच असते. त्यास कळते असे धरून ती बोलते, म्हणूनच एके दिवशी त्यास कळू लागते.

असा मुलगा पुढे मोठा होऊन चांगला शेतकरी निघाला, म्हणजे लोक सहज म्हणतात, शेती त्याच्या रक्तातच आहे. मराठी भाषेत या समजुतीची पाठराखण करणाऱ्या म्हणी थोड्या नाहीत. खाण तशी माती, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, अशा कितीतरी सांगता येतील. परंतु याच भाषेजवळ दुसराही एक शब्द आहे, आणि तो या म्हणींहून अधिक शहाणा आहे. तो शब्द म्हणजे वळण. मुलास वळण लावतात, अक्षरास वळण असते, एखादी गोष्ट अंगवळणी पडते. वळण रक्ताबरोबर येत नाही. ते कोणीतरी, कधीतरी, पुष्कळदा स्वतःलाही न कळत, लावलेले असते. रक्त आणि वळण या दोन शब्दांपैकी कोणता खरा, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. त्याच्या उत्तरावर अनेक माणसांचे आयुष्य या भूमीत अवलंबून राहिले आहे.

पंडितांनीही हा प्रश्न हाताळला आहे. अमेरिकेत फ्रान्झ बोआस याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, निरनिराळ्या मानवसमूहांच्या आचारविचारांत जो फरक दिसतो त्याचे कारण त्यांच्या वंशात शोधू नये. ते त्यांच्या इतिहासात व परिस्थितीत शोधावे. त्याची शिष्या मार्गारेट मीड हिने सामोआ बेटावरील मुलींविषयी १९२८ साली लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. तिच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद माजला, परंतु वयात येण्याचा काळदेखील सर्व समाजांत एकसारखा जात नसावा, ही शंका तिने कायमची रुजवली. बोआसचाच दुसरा शिष्य हर्स्कोव्हिट्स याने १९४८ साली या सगळ्या प्रक्रियेस, म्हणजे मूल आपल्या समाजाची संस्कृती हळूहळू आत्मसात करते त्या क्रियेस, एक स्वतंत्र नावच दिले. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. अंगवळणी पडणे या दोन शब्दांत तो सारा अर्थ आलेला आहे. किंबहुना त्यांत अंग हा शब्द आहे, ही अधिकच मोलाची गोष्ट होय. कारण संस्कृती आधी अंगात शिरते, मनात ती मागाहून पोचते.

याचे उत्तम उदाहरण पाहावयाचे असल्यास आषाढ-श्रावणात तुमसरच्या कोणत्याही बांधीवर जाऊन उभे राहावे. वैनगंगेच्या या खोऱ्यात धान हेच जीवन. तुमसर हे धान-तांदळाच्या व्यापाराचे जुने गाव; हावडा-मुंबई लोहमार्गावर देव्हाडी येथे तुमसर रोड नावाचे जंक्शन आहे, आणि तेथून एक फाटा उत्तरेस तिरोडीकडे जातो. बाजारात पोती दिसतात, पण त्या पोत्यांतला दाणा ज्या विद्येने पिकतो ती विद्या कोणत्याच पुस्तकात बाया शिकलेल्या नसतात. चिखलणी झालेल्या बांधीत गुडघाभर गाळात ओळीने उभ्या राहून त्या मागे मागे सरकत पऱ्हे रोवीत जातात. तीन-चार काड्या बोटांत धरून अंगठ्याने गाळात दाबावयाच्या. फार खोल गेल्या तर फुटवा कमी येतो, वर राहिल्या तर पाण्याबरोबर तरंगू लागतात. दोन रोपांमध्ये किती जागा सोडावी हे हात जाणतो, त्या बाईस विचारले तर तिला सांगता येणार नाही.

हा हात तयार कसा होतो? मुलगी लहान असताना धुऱ्यावर बसून धाकट्या भावंडास सांभाळते. तिच्यापुढे दिवसभर ते काम चाललेले असते. थोडी मोठी झाली की पऱ्ह्यांच्या जुड्या उचलून बायांपर्यंत पोचविते. कोणाची जुडी संपत आली आहे हे ओळखून वेळेवर टाकणे हीही एक परीक्षाच असते. त्यानंतर एके वर्षी तिला ओळीत उभे करतात, परंतु टोकाला नव्हे. दोन चलाख बायांच्या मध्ये तिची जागा असते. तिची रोपे वाकडी आली तर शेजारीण न बोलता आपल्या हाताने सरळ करते. ती मागे पडली तर दोन्हीकडच्या बाया आपला पट्टा थोडा रुंद करून तिचा अरुंद करतात. गाणे चालू असते; त्याचा ताल हाताच्या तालाशी मिळालेला असतो, आणि गाणे येऊ लागले म्हणजे हातही येऊ लागतो. तिला शिकविण्यासाठी काम एक क्षणभरही थांबलेले नसते.

जीन लेव्ह व एटिएन वेंगर या दोघांनी १९९१ साली नेमक्या अशाच शिक्षणावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा की, नवशिक्या मनुष्य प्रथम कामाच्या कडेला असतो, पण तो बाहेरचा नसतो. कडेची लहान कामे खरीखुरी उपयोगाची असतात, आणि ती करीत करीत तो मध्यभागी सरकतो. लेव्ह यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात शिंप्यांच्या हाताखालच्या पोरांचा अभ्यास केला होता. तेथे पोरांस प्रथम काजे-बटणे व इस्तरी अशी शेवटाची कामे मिळत, आणि कापड बेतण्याचे काम सर्वांत शेवटी येई. धुऱ्यावरच्या मुलीस ही गोष्ट कोणी सांगितली तर तिला तीत काही नवल वाटणार नाही.

भाषेचेही असेच आहे, आणि तुमसरच्या मुलाचे भाषाशिक्षण तर कोणाही पंडितास थक्क करील असे आहे. हा भाग झाडीपट्टीत मोडतो. झाडी म्हणजे वन; भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतल्या या रानपट्टीची स्वतःची बोली आहे, तिला झाडीबोली म्हणतात. तीत 'ण' चा 'न' होतो आणि 'ळ' बहुधा 'र' होऊन येतो. पाणी हे 'पानी' असते आणि काळा बैल 'कारा' असतो. याखेरीज तुमसर-मोहाडीकडे पोवार समाजाची वस्ती मोठी आहे, त्यांच्या घरात पोवारी बोलतात. उत्तरेस बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा आणि हिंदी मुलूख. १९५६ पर्यंत हे सारे एकाच प्रांतात होते, त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, आणि कारभारात मराठी व हिंदी दोन्ही चालत. त्यामुळे बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि चुलीपाशी आणखी तिसरीच भाषा, असा व्यवहार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

चार वर्षांचे पोर आईशी पोवारीत बोलते, शेजारच्या पोरांशी झाडीत, आणि दुकानदाराकडे गोळ्या मागावयास गेले की हिंदीत. त्याने या तिन्ही भाषांचे व्याकरण पाहिलेले नसते हे तर उघडच आहे. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, कोणाशी कोणती बोलावी याचा नियमही त्यास कोणी सांगितलेला नसतो, आणि तो नियम ते क्वचितच चुकते. आजीशी चुकून हिंदीत बोलले तर सगळे हसतात. एवढे एक हसणे पुरेसे होते.

परंतु याच हसण्याची दुसरी बाजू शाळेत दिसते. मूल पहिल्या दिवशी 'पानी' म्हणते आणि वर्ग हसतो. जी भाषा आजपर्यंत त्याच्या तोंडी शोभत होती, ती आज अशुद्ध ठरते. वस्तुतः जॉर्ज ग्रियर्सन याने हिंदुस्थानातील भाषांची जी पाहणी केली, तिच्या मराठीला वाहिलेल्या १९०५ च्या सातव्या खंडात नागपूर-भंडाऱ्याकडील बोलींचे नमुने मोठ्या आस्थेने छापलेले आहेत. शास्त्राच्या दृष्टीने त्या बोली आहेत, चुका नव्हेत. पण वर्गात शास्त्र नसते, वर्गात हसणे असते. त्या हसण्यातून मूल प्रमाण मराठी शिकते हे खरे, आणि ती त्याने शिकलीच पाहिजे, यात वाद नाही. मात्र त्याबरोबर ते आणखी एक गोष्ट शिकते: आपली आई चुकीचे बोलते. ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नसते, तरी ती पक्की शिकली जाते, आणि वीस वर्षांनी तोच मुलगा बाप झाला की घरात पोवारी वा झाडी बोलणे बंद करतो. पोराची अडचण होऊ नये म्हणून! त्याचा हेतू वाईट असतो असे कोण म्हणेल? बोली अशा मरतात. बंदीने मरतात त्यांहून पुष्कळ अधिक अशा मायेने मरतात.

शाळेने याहून निराळे वागणे अशक्य आहे असे मात्र नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेले. तेथील मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी मुलांस गुरांपासून ओढून आणण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. तिचे नावही कुरणशाळा. दगड, पाने, शिंपले, बिया ही साधने. मुलांस जे आधीच येते तेथून आरंभ. हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर पसरला नाही, ही दुर्दैवाची गोष्ट होय. महाराष्ट्राला सानेगुरुजींचे 'श्यामची आई' पाठ आहे, ताराबाईंची कुरणशाळा ऐकून माहीत आहे. आणि 'श्यामची आई' तरी लोक कसे वाचतात? आईची वाक्ये तेवढी लक्षात ठेवतात. परंतु १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकातील आईचे एकेक वाक्य कसल्यातरी कामाच्या पोटातून निघालेले आहे. ती न्हाऊ घालीत असते, जेवू घालीत असते, झाडे लावीत असते. ते काम काढून घेऊन नुसते वाक्य मुलास दिले तर त्याचा सुविचार होतो आणि फळ्यावर लिहिला जातो.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई एकेका दिवशी, म्हणजे पाहुण्यांस सगळीकडे जाता यावे. दिवसा बाजार व भेटीगाठी, लेकी-जावयांची वर्दळ, आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. पूर्वी स्त्रीपात्रेही पुरुषच करीत. लहान मुले पुढे बसलेली असतात. मध्यरात्री आईच्या मांडीवर झोपतात, ढोलकी कडाडली की दचकून उठतात, पुन्हा झोपतात. असे अर्धवट झोपेत ऐकलेले संवाद पुढच्या आठवड्यात गुरांमागे फिरताना त्यांच्या तोंडून निघू लागतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर उभ्या राहणाऱ्या नटांची जात अशीच तयार होते. येथे जात हा शब्द अर्थातच जन्माच्या अर्थाने नाही. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या पुष्कळांनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले. येथील लोकांस त्याचे नवल वाटले नाही, रागही आला नाही. हंगाम चालू होता.

आतापर्यंत जे सांगितले ते ऐकावयास गोड आहे. परंतु वळण ही गोष्ट गोडच असते असे नाही. तान्ह्या पोळ्याच्या त्याच दारात पुन्हा जाऊन पाहावे. बैलाची दोरी परंपरेने मुलाच्या हाती. त्याची बहीण कोठे असते? ती आईच्या मागे ताट धरून उभी असते. मुलगा मान घेण्यास शिकतो त्या क्षणी मुलगी मान देण्यास शिकते. तिलाही कोणी काही सांगितलेले नसते. आणि बैल घेऊन निघालेली पोरे पूर्वी सगळ्याच दारी जात असत काय? गावाच्या एका टोकाला जी वस्ती असे, तिकडे ती वळत नसत, आणि त्या वस्तीतली पोरे इकडे आली तर ती अंगणाच्या कोणत्या रेषेपाशी थांबतात हे पाहण्याजोगे असे. ती रेषा जमिनीवर आखलेली नव्हती. पाच वर्षांच्या पोराच्या पायास ती कळत होती. कोणत्या विहिरीवर जावयाचे नाही, कोणाच्या हातचे घ्यावयाचे नाही, कोणापुढे मान खाली घालावयाची, हे सारे रोवणीच्याच पद्धतीने, कडेला उभे राहून, बघून बघून, अंगात उतरत असे. नंतर लोक म्हणत, हे रक्तातच आहे. अस्पृश्यतेस धर्मशास्त्राचा आधार कोणता, यावर काशीपासून नाशिकपर्यंत वाद झाले. खेड्यात तिला शास्त्राची गरजच नव्हती, कारण ती पायांस ठाऊक होती.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ ची घटना या विषयाच्या दृष्टीने असामान्य आहे. त्या दिवशी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांस दिली. भंडाऱ्याच्या लोकांस बाबासाहेब परके नव्हते. दोनच वर्षांपूर्वी, १९५४ साली, ते भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले होते, आणि पराभूत झाले होते. दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा होत्या. जुने देव मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, अशा त्यांतील कित्येक प्रतिज्ञा सोडण्याविषयीच्या होत्या. आणि ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांचे निर्वाण झाले. बुद्ध व त्याचा धम्म यांवरील त्यांचा ग्रंथही लोकांच्या हाती आला तो पुढच्या वर्षी, १९५७ साली, आणि तोही इंग्रजीत.

म्हणजे स्थिती अशी झाली की, लक्षावधी माणसांनी एक संस्कृती टाकून दिली, दुसरी स्वीकारली, आणि शिकविणारा निघून गेला. नवे लग्न कसे लावावयाचे? बारशास काय म्हणावयाचे? मेलेल्या माणसापुढे कोणते शब्द उच्चारावयाचे? मनाने स्वीकारणे एका दिवसात झाले होते. हातांना मात्र अजून जुनेच ठाऊक होते. ज्या स्त्रीने तीस वर्षे एका कोनाड्यापुढे दिवा लावला, तिचा हात संध्याकाळी आपोआप तिकडे जाणार, यात तिचा काय अपराध? अशा घरांतून पुढे जे घडले ते केवळ व्याख्यानांनी घडले नाही. त्रिशरण-पंचशील सामुदायिक रीतीने म्हटले जाऊ लागले. पाली शब्दांचा अर्थ पुष्कळांस कळत नव्हता, पण पाठ झाले. नमस्कार-जोहाराच्या जागी 'जय भीम' आला. या अभिवादनाचे जनकत्व नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास यांस दिले जाते, आणि ते तर १९३९ सालीच वारले होते. शब्द आधीपासून होता, आता तो दिवसातून वीस वेळा तोंडी येऊ लागला. दरसाल दसऱ्यास नागपुरास जाणे सुरू झाले. पांढऱ्या वस्त्रांतील त्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून जे मूल दीक्षाभूमीवर गेले, त्यास धम्म हा सांगावा लागला नाही.

आणि येथे एक उलटापालट झाली. एरवी मोठी माणसे लहानांस वळण लावतात. या घरांतून शाळेत जाणारी पोरे म्हाताऱ्यांस वंदना वाचून दाखवू लागली, आजीच्या उच्चारातली चूक सुधारू लागली. आजीने सोडण्याचे कष्ट घेतले होते. नातीला सोडावयास काही उरलेच नव्हते. तिने कोनाडा पाहिला तो बुद्धाच्या तसबिरीचा. अंगणातली ती अदृश्य रेषा तिच्या पायांस शिकविली गेली नाही. रेषेच्या पलीकडच्या घरांतील पायांनी ती तितक्याच त्वरेने विसरावयास हवी होती. ते काम मात्र अजूनही सर्वत्र पुरे झालेले नाही. परंतु जे हजार वर्षे रक्तात आहे म्हणून सांगितले जात होते, ते एका पिढीच्या बदललेल्या नमस्काराने, बदललेल्या लग्नाने आणि बदललेल्या कोनाड्याने निघू लागते, हे या जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांतून दिसून आले. रक्त असे बदलत नाही.

डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणींभोवती जी कामकऱ्यांची वस्ती वाढली तिच्याविषयीही असेच पुष्कळ सांगता येईल. तेथे निरनिराळ्या मुलुखांची माणसे एकत्र आली आणि त्यांच्या पोरांनी एकमेकांचे सण परस्पर वाटून घेतले. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

आता बैलाकडे परत यावयाचे. तुमसरच्या पंचक्रोशीत ट्रॅक्टर आला, चिखलणी त्याने होऊ लागली, आणि बैलजोडी राखणे अनेकांस परवडेनासे झाले. खऱ्या पोळ्याचे तोरण आहे, पण त्याखालच्या जोड्या कमी झाल्या आहेत. तान्हा पोळा मात्र कमी झालेला नाही; शहरांतून तर त्याच्या सजावटीच्या स्पर्धा होतात, बक्षिसे लागतात, बैल वर्षावर्षाला उंच होत जातात आणि कित्येकदा धनी बैलाच्या पोटाखाली झाकून जातो. ज्या घराने दोन पिढ्यांत बैल पाहिलेला नाही त्या घरचे पोरही बोजारा घेऊन येते. यास कोणी ऱ्हास म्हणतात, कोणी टिकाव म्हणतात. बैलाशिवाय बैलाची कृतज्ञता शिकता येते काय, हा प्रश्न त्या पोरास पडत नाही. परंतु एक बदल नजरेत भरण्यासारखा आहे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार ऐकू येत नाही: अलीकडे मुलीही दोरी धरून निघू लागल्या आहेत. सहासात वर्षांची एखादी पोर नवी परकर-चोळी घालून, एका चाकाने लंगडणारा थोरल्या भावाचा जुना बैल ओढीत दाराशी येते. घरातली म्हातारी तांब्या घेऊन बाहेर येते, बैलाकडे पाहते, पोरीकडे पाहते, क्षणभर थांबते, आणि वाकून बैलाच्या चारही पायांवर नेहमीसारखे पाणी घालते.